वासाची शिकवणी

माझ्या वडिलांनी आईच्या वांग्याच्या भाजीला "छान झालीय" म्हटलं, त्या दिवशी आईच्या पोटात गोळा आला.

वाचणाऱ्याला वाटेल, नवऱ्याने भाजीचं कौतुक केलं तर बाईने खूश व्हावं, गोळा कसला. पण वाचणाऱ्याने आमचे पप्पा पाहिलेले नाहीत. वसईतल्या सांडोरला आमच्या गल्लीत त्यांच्या नाकाचा दरारा होता. भातात कालच्या भाताचे चार दाणे मिसळले तरी त्यांना ताट पुढ्यात यायच्या आधी कळायचं. शेजारच्या आंटीने सुके बोंबील भाजायला घेतले की हे आमच्या खिडक्या लावून घ्यायचे आणि वर कुंपणावरून विचारायचे, "मागच्या वर्षीचे वाटतं?" आईच्या स्वयंपाकाला त्यांनी उभ्या जन्मात दिलेली सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "चालेल". तीही नाताळला, पाहुण्यांसमोर.

त्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला. साधाच, सर्दी-खोकल्याचा. तापातून उठले, वाडीत केळींना पाणी सोडायला जाऊ लागले, आणि मग हे कौतुक सुरू झालं. वांगी छान. डाळ छान. एकदा आईकडून दूध करपलं, त्याच दुधाचा चहा झाला, तोही छान. आईने मला विरारला फोन केला आणि कुजबुजत म्हणाली, "अगं, तुझे पप्पा फार गोड वागायला लागलेत. मला भीती वाटतेय." (घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती जशीच्या तशी लिहिली तर वसई स्टेशनच्या पलीकडच्या माणसाला दुभाषा लागेल, म्हणून सगळ्यांना सरळ मराठीत बोलायला लावलंय.)

आईला भीती वाटायला माझी नोकरी कारण झाली होती. मी मुंबईतल्या एका विद्यापीठात, वैद्यकीय विभागात, वासावर काम करते. हो, वासावर. साताऱ्याच्या माझ्या सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात, सूनबाई अत्तराच्या कंपनीत आहे. मी आता दुरुस्त करत नाही, कारण खरं सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. माणसाचं वास घेणं कसं जातं आणि परत कसं येतं, याचा आमचा गट अभ्यास करतो. तापानंतर वास गेला तर तो बऱ्याचदा हळूहळू परततो. पण कधी कधी वास जाणं ही मेंदूच्या आजाराची पहिली खूण असते, हात थरथरायला लागायच्या कितीतरी आधीची. नवीन नोकरीच्या तोऱ्यात हे सगळं ज्ञान मी घरी जेवताना पाजळलं होतं. आणि पप्पांच्या थोरल्या भावाला, आमच्या मोठ्या काकांना, कंपवात होता. पेला तोंडापर्यंत जाईस्तोवर त्यातलं अर्धं पाणी सदऱ्यावर यायचं. काकी सांगायची, त्याच्या बऱ्याच आधीपासून काकांना घरात सिलिंडरचा गॅस सुटलेला कळत नसे.

तर प्रश्न एवढाच होता. पप्पांचं नाक तापाने नेलंय, की ते काकांच्या वाटेने निघालेत. आणि ज्यांच्या नाकाचा हा प्रश्न, त्यांचं म्हणणं होतं की प्रश्नच नाही. आईने एकदा त्यांना डोळे मिटायला लावून नाकाशी हिंगाची उघडी डबी धरली. "अत्तर का?" ते म्हणाले. "छान आहे." डॉक्टरचं नाव काढलं की टोपी घालून वाडीत.

इथे आमच्या विद्यापीठातल्या मोठ्या माणसांची ओळख करून द्यायला हवी. आमच्या वेबसाइटवर 'आघाडीचे वैद्यकीय संशोधक' असं एक पान आहे. त्यात आमच्या मॅडम सूक्ष्मदर्शकात वाकून बघतायत. आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक नाही. फोटोवाल्याने तो शेजारच्या विभागातून उसना आणला, कारण बाटली हुंगणारी बाई त्याला संशोधक वाटेना. मॅडम नाक-कान-घशाच्या डॉक्टर. जगभर भाषणं देतात, परदेशी पाहुणे त्यांच्यापुढे अदबीने उभे राहतात, आणि त्या लिफ्टमध्ये शिरल्या की सांगतात, आत्ता कोण उतरलं आणि त्याच्या डब्यात काय होतं. उंचीला बेताच्या. हसल्या की दोन मजले वर कळतं. त्याच पानावर त्यांच्या शेजारी आमचे आकडेवाले सर. आम्ही जे जे शोधून काढतो त्यावर विश्वास न ठेवणं, हे सरांचं काम. "आज उकडतंय सर" म्हटलं तर म्हणतात, "कशाच्या तुलनेत?" माणूस सोन्यासारखा, पण नातवाच्या बारशालाही पुरावा मागेल.

त्या वर्षी गटाचं नवं काम चाललं होतं ते वासाच्या चाचणीवर. तपकिरी बाटल्यांची एक पेटी परदेशातून आली होती. बाटली नाकाशी धरायची, चार पर्याय वाचायचे, माणसाने एक निवडायचा. ती पेटी आम्ही विरार पूर्वेला, आमच्या मनवेलपाड्यातल्या एका हॉलमध्ये ज्येष्ठ मंडळींवर लावून बघितली. देवदार काय, ज्येष्ठमध काय, कसल्या कसल्या विलायती बेऱ्या काय. एका आजोबांनी प्रत्येक बाटलीला "फिनेल" म्हटलं. एक मावशी बराच वेळ डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, "हे आमच्या सोसायटीच्या जिन्यात येतं." पर्यायांत जिना नव्हता. संध्याकाळी सरांनी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "एक तर अख्ख्या विरारची नाकं गेलीत, नाहीतर पेटी चुकलीय."

मॅडम म्हणाल्या, पेटी बदला. आपल्या माणसांना आपले वास द्या.

मी लगेच हात वर केला. वासांचं माहेर म्हणजे माझं माहेर. सुकेळी घेतली, म्हणजे वाडीतली राजेळी केळी सोलून उन्हात सुकवतात ती. सुके बोंबील घेतले. चर्चमधला धूप, सोनचाफा, हिंग, रॉकेल, खोबरेल, कोथिंबीर, लवंग. प्रत्येक बाटलीत कापसाचा बोळा आणि झाकणावर आकडा. वास उडून जातात, म्हणून बाटल्या वरचेवर ताज्या भराव्या लागत. ते काम आईने मागून घेतलं. एक जादा संच आमच्या सांडोरच्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या शेजारी राहायला आला. सरांनी पेटी मंजूर केली, म्हणजे नेहमीपेक्षा कमी नाक मुरडलं. नोव्हेंबरात चर्चमागच्या हॉलमध्ये सांडोरच्या ज्येष्ठांची चाचणी ठरली. मॅडम स्वतः येणार होत्या. सरही येणार होते, जे सहसा खोलीच्या बाहेर पडत नाहीत.

आईला वाटलं, देवानेच सोय केली. गल्लीतली सगळी बसतील, त्यात पप्पाही बसतील, डॉक्टरकडे नेलं असं होणार नाही. तिने त्यांना विचारलं. पप्पा म्हणाले, "नापास व्हायला मी येणार नाही."

आता पुढची चूक आमच्याच गावात होऊ शकते. आमच्याकडे दगड मारला तर तो शिक्षकाला लागतो, आणि चुकला तर निवृत्त शिक्षकाला. माझी आई जन्मभर पहिलीच्या वर्गाची टीचर. अर्धी गल्ली तिच्या हाताखालून गेलेली, आणि उरलेली अर्धी तिच्या विद्यार्थ्यांच्या आईबापांची. पप्पासुद्धा तिला टीचरच म्हणतात. मी प्रत्येक घरी जाऊन सांगितलं होतं की ही परीक्षा नाही, यात पास-नापास काही नाही. सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. ढ मुलांना धीर द्यायला आपण हेच सांगतो, हे त्यांना माहीत होतं.

"नापास कशाला व्हाल?" आई पप्पांना म्हणाली. "अभ्यास करा."

आणि तिने फ्रिजमधला संच काढला. सकाळच्या चहाआधी एकदा आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एकदा. डोळे मिटायचे. बाटली नाकाशी. घाई करायची नाही. आई नाव सांगणार, पप्पांनी मोठ्याने म्हणायचं, आणि तो वास शेवटचा कुठे आला होता ते आठवायचं. दुसऱ्या फेरीत नाव त्यांनी सांगायचं. "धूप. म्हणा, धूप. आठवा आपलं लग्न. फादर धूपदाणी घेऊन जवळ आले आणि तुम्हाला शिंक आली." पप्पा शहाण्या मुलासारखे म्हणायचे, "धूप. हो, येतोय. छान आहे." आईला खरं वाटायचं. एका डोळ्याने ते झाकणावरचा आकडा वाचत होते, हे तिला फार उशिरा कळलं.

हे कुंपणावरून आंटीने बघितलं. आंटीचा मुलगा माझ्या आईच्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. तिने विचारलं, "टीचर, घरच्यांना शिकवणी आणि आम्ही काय उघड्यावर पडलोय?" आईची झोप उडाली. एका मुलाला शिकवायचं आणि बाकीच्यांना नाही, हे तिने आयुष्यात केलं नव्हतं. ऑक्टोबर लागला होता. ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा महिना, रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी क्रुसापुढे सगळी जमतात, प्रार्थना होते, मग उकडलेले चणे वाटतात. आईने प्रार्थना आणि चणे यांच्या मधे बाटल्या घातल्या. क्रुसाच्या पायरीवर उभी राहून ती एकेक बाटली फिरवायची आणि सगळी म्हातारी मंडळी एका सुरात म्हणायची, सुकेळी, बोंबील, धूप. चुकला त्याला पुन्हा. चणे शेवटी.

मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. आठवडाभर मी मुंबईत, आणि रविवारी गेले की गल्ली माझ्याकडे बघून नुसती हसायची. मला वाटायचं, लग्नानंतर माझं वजन वाढलंय.

चाचणीच्या दिवशी हॉलमध्ये दोन टेबलं मांडली. एकावर मी, दुसऱ्यावर मॅडम. घरच्या माणसांची चाचणी मी घ्यायची नाही असा नियम, म्हणून पप्पा मॅडमच्या टेबलावर जाणार होते. सर कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसले. माझ्यासमोर पहिली आली ती आंटी, चर्चमध्ये मिस्साला नेसायच्या साडीत. मी बाटली उचलली.

"सुकेळी," आंटी म्हणाली.

"आंटी, अजून झाकण उघडलं नाहीये."

"मग उघड ना, बाय. सुकेळीच आहे."

मी चार पर्याय वाचायला घेतले तर तिने हाताने थांबवलं. पर्याय कच्च्या मुलांसाठी असतात म्हणे. तिच्यामागून आलेल्या अंकलने प्रत्येक वासाबरोबर आठवणही सांगितली. धूप म्हटल्यावर बहिणीचं लग्न, रॉकेल म्हटल्यावर रेशनची रांग, बोंबील म्हटल्यावर आमचे पप्पा आणि त्यांनी लावलेली खिडकी. दोन जावा जोडीने आल्या आणि उत्तर आधी कोणाचं आलं, यावरून त्यांच्यात जुंपली. मी अधूनमधून सरांकडे बघत होते. सरांच्या चेहऱ्याचा रंग जात चालला होता.

"मॅडम," सर शेवटी म्हणाले, "सांडोरमध्ये कोणी म्हातारं होत नाही का?"

मॅडम स्क्रीनवर वाकल्या. त्यांचे डोळे लकाकले. साठीची, सत्तरीची, ऐंशीची माणसं, आणि एकही उत्तर चुकलेलं नाही. वाडीतली हवा असेल, त्या म्हणाल्या. मासे असतील. की सुकेळी? सर म्हणाले, "इतकं चांगलं म्हणजे काहीतरी वाईट आहे." पण दोन मिनिटं, खरं सांगते, मीसुद्धा हवेत होते. माझं गाव जगाच्या नकाशावर, आमच्या वासांवर परदेशात व्याख्यानं, आणि साताऱ्याला सासूबाई पाहुण्यांना काय सांगणार याचा मी विचार करायला लागले होते. तेवढ्यात एक आजोबा खुर्चीतून उठले आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "टीचर, सगळं आलं." खिडकीबाहेर माझी आई उभी होती. पुढच्या बाईला ती दोन्ही डोळे घट्ट मिटून दाखवत होती, घाई करू नको म्हणून.

"त्या कोण?" सरांनी विचारलं.

"माझी आई," मी म्हणाले. पायाखालची फरशी दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते.

आणि नेमके त्याच वेळी पप्पा मॅडमच्या समोर जाऊन बसले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. ते बसलेले बघून माझी लाज कुठल्या कुठे गेली. मॅडमची एक सवय आहे, मधेच बाटल्यांचा क्रम बदलायचा आणि झाकणावर कोरी पट्टी चिकटवायची. पप्पांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी पहिली बाटली हुंगली आणि ठासून सांगितलं, "सुकेळी." तो हिंग होता. दुसरीला "बोंबील". तो सोनचाफा होता. खिडकीत जमलेली गल्ली एकमेकांच्या खांद्यावरून आत डोकावू लागली. ते आईची उजळणी ओळीने म्हणत होते, आणि ती ओळ मोडलेली होती. तिसऱ्या बाटलीशी ते अडखळले. त्यांनी मॅडमच्या तोंडाकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मॅडम, मला काहीच येत नाही," ते म्हणाले. "तापापासून. घरात बोललो नाही, ही घाबरेल म्हणून."

मी बघत होते ती फक्त त्यांच्या हातांकडे. हात स्थिर होते. पण समोरच्या बाईला मी तीनदा तीच बाटली दिली. तिने तिन्ही वेळा बरोबर उत्तर दिलं.

मॅडमनी समजूत घातली नाही की पाठीवर हात ठेवला नाही. "बरं," त्या म्हणाल्या, "आता घाई नाही, पास नाही, नापास नाही. उरलेल्या बाटल्या फक्त घ्या." पप्पांनी घेतल्या. एक, काही नाही. दुसरी, काही नाही. पुढची बाटली नाकाशी गेली आणि त्यांची मान फटकन मागे आली. चेहरा असा झाला, जो मी लहानपणापासून ओळखते. शेजारून धूर आल्यावरचा, खिडकी लावतानाचा तो चेहरा.

"काय आलं?" मॅडमनी विचारलं.

"काय ते माहीत नाही. पण वाईट आहे."

मॅडम उभ्या राहिल्या. "किती वाईट?"

"फार. हे असं कुणी ठेवतं का बाटलीत?"

आणि मॅडम हसायला लागल्या. हॉल एकमजली आहे म्हणून, नाहीतर ते हसू वर दोन मजले गेलं असतं. ती बोंबलाची बाटली होती. मॅडमनी त्यांना समजावलं, की तापाने गेलेला वास परत येताना बऱ्याचदा सरळ येत नाही, वाकडातिकडा, घाणेरडा येतो. पण येतो म्हणजे तुटलेलं काहीतरी जुळायला लागलंय. पप्पांनी हे ऐकून घेतलं आणि पुन्हा एकदा बाटली हुंगली, खात्री करायला. पुन्हा मान मागे गेली. खिडकीत आंटीने छातीवर क्रूस काढला.

मग आईला आत बोलावलं. ती हेडमास्तरांपुढे मुलं उभी राहतात तशी उभी राहिली, हातात रुमाल. तिने सगळं सांगितलं. शिकवणी, क्रुसाची पायरी, सगळी गल्ली. "माझ्यामुळे तुमचं वाटोळं झालं," ती म्हणाली. मॅडमनी वाटोळ्याची चौकशीही केली नाही. त्यांनी विचारलं, "रोज? दोनदा? डोळे मिटून? नाव घेऊन, आठवून?"

"रोज. खाडा कसा चालेल?"

मॅडम सरांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ऐकलंत ना?" कारण आमच्या गटाचं दुसरं ताजं काम नेमकं हेच आहे. गेलेला वास परत आणायला आजवर सापडलेल्या उपायांतला सगळ्यात साधा उपाय म्हणजे ठरावीक वास रोज सकाळ-संध्याकाळ लक्ष देऊन घेणं, महिनोन्‌महिने. आम्ही रुग्णांना बाटल्या देतो, समजावतो, फोन करून आठवण देतो. चार दिवस करतात आणि सोडतात. कंटाळा येतो म्हणतात. त्या एका अडचणीवर आमच्या गटाची कितीतरी डोकी खर्ची पडली होती.

"तुम्ही यांना टिकवलं कसं?" मॅडमनी विचारलं.

आई बुचकळ्यात पडली. शिकवायचं म्हणजे टिकवायचं, त्यात कसं काय विचारायचं. "चुकलं की पुन्हा घ्यायला लावायचं," ती म्हणाली. "आणि चणे शेवटी."

कोपऱ्यातून सर म्हणाले, "चणे," आणि त्यांनी ते टाइप केलं. मग चष्मा पुसून त्यांनी निकाल सांगितला. सगळी गल्ली बाद. आजचं एकही उत्तर धरता येणार नाही, दुसरं गाव बघावं लागेल. सर बरोबरच होते, माझं तोंड कडू झालं तरी. "पण या चण्यांचं बघायला हवं," ते म्हणाले. "तुलना करून." दुपारी सगळे आमच्याकडे जेवायला आले तेव्हा सरांनी चणे दोनदा मागून घेतले. तुलनेसाठी म्हणे.

मॅडमच्या ओळखीच्या मेंदूच्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात पप्पांना तपासलं. हातांची बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, वळायला लावलं. आज तरी काही दिसत नाही, म्हणाले. ताप सुटल्यावर नाक परत येत असेल तर फारच चांगलं, पण ते येतंय का याच्यावर लक्ष ठेवा. म्हणजे टांगती तलवार काढली नाही, जरा वर बांधली.

लक्ष ठेवायचं काम आईकडे. शिकवणी चालूच राहिली, आता आकड्यांवर कागद चिकटवून. पण एकदा हात पोळलेली ती. बाटलीवर तिचा भरवसा उरला नव्हता. पाठ केलेलं ते खरं नव्हे, ती मला म्हणाली, न सांगता घेतलेल्या परीक्षेत कळतं. आणि तिने रविवारच्या कोंबडीच्या रश्शात खवट खोबरं घालायला सुरुवात केली.

खवट खोबरं जिभेला कमी आणि नाकाला जास्त कळतं, हे तिला मीच एकदा सांगितलं होतं. माझंच ज्ञान, माझ्याच ताटात. दर रविवारी मी आणि नवरा विरारहून सांडोरला जेवायला जायचो. आई जुनी वाटी शोधून किसायची, भाजायची, वाटायची, आणि चेहऱ्यावर सुरकुती न हलवता वाढायची. कुणी काही बोलायचं नाही, अशी ताकीद. पप्पा पहिला घास घ्यायचे. आम्ही तिघं श्वास धरून. पप्पा म्हणायचे, "छान झालंय." आणि मग आम्हाला ते सगळं खावं लागायचं. माझा नवरा सातारचा, भिडस्त. पहिल्या रविवारी तो जावयाच्या शिष्टाचाराला जागून "आणखी थोडं" म्हणाला आणि आईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय मारला, की याला आवर. घरी परतताना तो स्कूटरवर नुसता म्हणायचा, "पप्पा लवकर बरे होऊ देत." इतक्या मनापासून कुणी प्रार्थना केलेली मी ऐकली नाही.

नाताळ तसाच गेला. नवीन वर्षाचे रविवारही. मॅडम दर सोमवारी विचारायच्या, "काल काही तक्रार?" मी मान हलवायचे. विभागात एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं. जगातले एवढे मोठे संशोधक, आणि सोमवारी सकाळी चहा घ्यायच्या आधी त्यांना एका सांडोरच्या माणसाने जेवणाला नावं ठेवली का, हे जाणून घ्यायचं असे.

मग तो रविवार. मिस्साहून आलो, टेबलावर तांदळाच्या भाकऱ्या, रस्सा. पप्पांनी भाकरी मोडली, बुडवली, घास तोंडात घातला. चावायचे थांबले. आम्ही सवयीने श्वास धरला होता.

"टीचर," ते म्हणाले, "खोबरं खवट आहे का गं?"

नवऱ्याचा हात भाकरीसकट तसाच वर.

"खवटच आहे," आई म्हणाली. आवाज अगदी वर्गातला. "कित्येक रविवार खवटच आहे."

पप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे, एकेकाच्या ताटाकडे. "आणि तुम्ही सगळे हे खात होतात?"

"छान झालं होतं," माझा नवरा म्हणाला, आणि मला हसू आवरेना. मी हसत होते आणि डोळे पुसत होते. आई मात्र उठून आत गेली आणि दुसरं पातेलं घेऊन आली, झाकलेलं, गरम. ताज्या खोबऱ्याचा रस्सा. तेव्हा कळलं की ती दर रविवारी दोन रस्से करत होती. एक परीक्षेचा, आणि एक ते पास झाले तर वाढायला. दर रविवारी संध्याकाळी आम्ही निघून गेल्यावर तो दुसरा रस्सा आंटीकडे जायचा, आणि आंटी एवढे दिवस तोंडातून अवाक्षर न काढता तो खात होती.

आईने पप्पांच्या ताटात वाढलं आणि उभी राहिली. पप्पांनी आधी ताटावर वाकून वास घेतला, मग घास घेतला, सावकाश चावला, गिळला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

आईने पदर तोंडाला लावला आणि खाली बसली. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही. मिठाचा आणि नाकाचा काही संबंध नाही, हे मी तिथे सांगू शकले असते. मीठ जिभेला कळतं, आणि पप्पांची जीभ कधी गेलीच नव्हती. म्हणजे इतके महिने आईचं मीठ कमी-जास्त झालेलं त्यांना रोज कळत होतं आणि ते गप्प बसून छान म्हणत होते. ते बोलायला लागले, एवढंच नवीन होतं. मी मिठाची बरणी त्यांच्याकडे सरकवली आणि सोमवारची वाट न बघता तिथूनच मॅडमना फोन लावला.